पिंजऱ्यात सापडला तो कोणता?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याने माणसाचा बळी घेतला म्हणजे पुढे काय काय घडणार, हे आता तेथल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. वस्तीवरचा आकांत, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारातली गर्दी, पुणे-नाशिक महामार्गावरचा रास्ता रोको, वनखात्याच्या गाड्या, पंचनामा, जबान्या, 25 लाख रुपयांच्या भरपाईचे कागद, पुढाऱ्यांच्या भेटी. आणि त्याच सायंकाळी उसाच्या बांधावर आणून ठेवलेले चार-दोन पिंजरे व त्यांच्या मागच्या कप्प्यात बांधलेली शेळी. दोन दिवसांनी म्हणा, आठ दिवसांनी म्हणा, त्यांतल्या एखाद्या पिंजऱ्याचे दार पडते, आत गुरगुरणाऱ्या जनावराची चित्रे मोबाइलवरून गावोगाव पोचतात, बिबट्या जेरबंद झाल्याची बातमी छापून येते आणि लोकक्षोभ ओसरतो. मात्र जेरबंद झालेला हा बिबट्या आणि ज्याने माणूस मारला तो बिबट्या हे दोन्ही एकच काय, हा प्रश्न त्या बातमीच्या चौकटीत क्वचितच मावतो; आणि ज्या पुराव्यावर एखाद्या भुरट्या चोरालाही कोणी न्यायाधीश दोषी ठरवणार नाही तेवढ्याच पुराव्यावर, म्हणजे तो त्या परिसरात फिरत होता एवढ्यावरच, एका जनावराला जन्मठेप होते आणि एका गावाला अभय मिळाल्याचा भास होतो.

जनावरावर अन्याय होतो, ही माझी तक्रार नव्हे. ज्या घरचे पोर गेले त्या घराच्या अंगणात उभे राहून बिबट्याच्या न्यायाची भाषा बोलण्याचे धाडस मला नाही, आणि पुण्या-मुंबईत बसून ते कोणी करूही नये. माझी तक्रार गावाच्या वतीने आहे. पकडले गेलेले जनावर भलतेच असेल तर माणसावर हात टाकण्यास धजावलेले खरे जनावर अद्याप त्याच फडात आहे, आणि गाव मात्र त्या रात्रीपासून निर्धास्त झाले आहे. ही फसगत टाळण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्याचा बराचसा भाग तर याच मुलखातल्या आणि शेजारच्या अकोले तालुक्यातल्या मातीत घडला आहे. प्राण्याची वर्तणूक, त्याची शरीरक्रिया आणि त्याची आनुवंशिकता या तिन्ही अंगांनी गेल्या पंचवीस वर्षांत जे कळले ते थोडे नाही. उणीव आहे ती ते ज्ञान वनखात्याच्या रोजच्या दप्तरात उतरविण्याची.

प्रथम भूगोल पाहू, कारण त्याविषयीचाच एक समज फार दृढ आहे. जंगल तुटले म्हणून बिबट्या शेतात आला, असे आपण सर्वजण सहज बोलून जातो. पश्चिमेकडे सह्याद्रीचे कडे, भीमाशंकरचे अभयारण्य, नाणेघाट, माळशेज. त्या रानात भूक भागेना म्हणून हा प्राणी पूर्वेकडे उतरला, अशी त्या समजाची मांडणी असते. वस्तुस्थिती पुष्कळशी उलटी आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे बांधून झाली, डाव्या-उजव्या कालव्यांनी पाणी पूर्वेच्या माळरानावर नेले, आणि जेथे एके काळी बाजरी-मठाशिवाय काही पिकत नव्हते तेथे बारमाही उसाचे फड उभे राहिले. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तेवढ्या अवधीत बिबट्याची मादी गाभण राहते, तीन-साडेतीन महिन्यांनी विते आणि पिले हिंडती-फिरती करते. आत दाट सावली, पाटाचे पाणी, माणसाचा वावर तोडणीपर्यंत जवळजवळ नाही, आणि बांधापलीकडे वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या. अशा ठिकाणी जन्मलेल्या मादीने पुढच्या उसात आपली पिले घातली, त्या पिलांनी त्यापुढच्या. आज नारायणगाव, मंचर, ओतूर, पारगाव या भागांत जो बिबट्या दिसतो त्याने भीमाशंकरचे रान बहुधा पाहिलेलेही नाही. तो तेथून आलेला निर्वासित नव्हे, तो या फडाचा मूळ रहिवासी आहे. त्याला 'परत' जंगलात सोडा, ही मागणी म्हणूनच फसवी आहे.

आणि तरीही हा उसाचा रहिवासी उसाच्या गोडीला पारखा आहे, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी 2005 साली दाखवून दिले की, जिभेवर गोड चव ओळखणारा ग्राहक ज्या दोन जनुकांच्या सहकार्याने तयार होतो त्यांपैकी एक जनुक मांजरात कायमचे निकामी झालेले आहे. वाघ आणि चित्ता यांच्याही जनुकसंचात तोच दोष आढळला. मार्जारकुळाने लक्षावधी वर्षांपूर्वीच मांसावर सर्वस्व पणाला लावले आणि शरीराची सारी रसायने त्या दिशेने वळवली. आपण भाकरीतल्या पिष्टावर दिवस काढू शकतो. या कुळाचे यकृत मांसातील प्रथिने अहोरात्र मोडून त्यांपासून साखर बनवीत राहते आणि तो वेग उपासातही फारसा मंदावू शकत नाही. टॉरिन नावाचे जे द्रव्य डोळ्याला आणि हृदयाला अत्यावश्यक, ते या प्राण्यांना पुरेसे स्वतः घडवता येत नाही. गाजरा-पालेभाजीतल्या रंगद्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व करण्याची जी सोय आपल्याला आहे, तीही त्यांना नाही. तात्पर्य, बिबट्याला भूक लागली म्हणजे दुसऱ्या कशावर ती भागवण्याचा पर्याय त्याच्या देहातच नाही. कोल्हा बोरे खाईल, अस्वल मोहाची फुले वेचील. बिबट्याला रोज ना रोज रक्तामांसाचा हिशेब चुकता करावाच लागतो. प्रश्न एवढाच उरतो की तो हिशेब कोणाच्या खात्यावर पडतो.

याचे उत्तर ज्या रीतीने मिळाले ती रीत पाहण्यासारखी आहे. शेतरस्त्यावर, बांधावर, ओढ्याच्या वाळूत पडलेली बिबट्याची विष्ठा गोळा करायची, ती उन्हात वाळवायची, मग चाळणीत धरून पाण्याखाली धूत राहायची. सारे वाहून गेल्यावर चाळणीत राहतात ते केस, नखांचे आणि खुरांचे तुकडे, हाडांचे बारीक चुरे. त्यांतला एकेक केस काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्याच्या पृष्ठभागावरची खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची रचना दिसते. कुत्र्याची वेगळी, शेळीची वेगळी, डुकराची वेगळी. असले किळसवाणे आणि कंटाळवाणे काम चिकाटीने करणाऱ्या डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील शेतीप्रदेशात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा असे निष्पन्न झाले की, त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी वजनाने 87 टक्के पाळीव वा गावातल्या प्राण्यांचे होते, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच निघाला. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रा उकिरड्यावर मोकळा, याचा हा परिणाम. ग्रामपंचायतींनी या आकड्यांवरून एकच बोध घेतला असता तरी पुष्कळ झाले असते: गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे, पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी आणि खाटकाच्या दुकानातला उरलासुरला ऐवज यांवर पोसलेली कुत्र्यांची फौज हीच बिबट्याची खरी रसद आहे. पिंजऱ्यावर जितका खर्च होतो त्याच्या अंशाने जरी या उकिरड्यांवर झाला असता, तर... पण उकिरडा उचलल्याचे छायाचित्र कोणी छापत नाही.

त्याच तालुक्यात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेली गणना 2013 साली प्रसिद्ध झाली. दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे, आणि त्याच क्षेत्रात दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे, असे ते चित्र होते. शिवाय जवळपास तेवढेच तरस. गळ्यात उपग्रह-पट्टे बसवलेल्या बिबट्यांचा माग काढला तेव्हा दिसले की, दिवसा हे प्राणी फडात वा ओघळीत दडी मारून असतात आणि रात्री घरांच्या भिंतीपासून 25 मीटरांच्या आतूनही हिंडून जातात. माणसावर अवलंबून, पण माणसाची वेळ टाळून, असे त्यांचे जीवनक्रमण. ज्या रात्री आपल्या अंगणातून बिबट्या गेला त्या रात्रींपैकी बहुतेकींचा पत्ताही आपल्याला लागत नाही.

आता या ज्ञानाच्या आधीचा काळ पाहिला म्हणजे अज्ञानाची किंमत कळते. जुन्नर वनविभागात, ज्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके मोडतात, 2001 च्या सुमारास हल्ल्यांची चर्चा वाढली. त्यावर उपाय म्हणून बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. हेतू निःसंशय चांगला होता आणि त्या वेळी दुसरे काही कोणाला सुचण्यासारखेही नव्हते. पुढे विद्या अत्रेय, मॉर्टन ओड्डेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंथ यांनी या मोहिमेचा ताळेबंद मांडला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. 29 बिबटे सरासरी 40 किलोमीटर अंतरावरच्या जंगलात सोडले गेले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर पोचले. जेथे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. कारणमीमांसा वर्तणूकशास्त्राची आहे आणि ती मोठी मनोज्ञ आहे. प्रौढ बिबट्या हा आपल्या हद्दीचा वतनदार असतो. शेजारचा नर कोठवर येतो, कोणत्या वस्तीवरचा कुत्रा मोकळा असतो, पहाटे कोणत्या वाटेने माणसे पाण्याला जातात, हे त्याला पिढीजात पाटलाइतके ठाऊक. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकला की तो भुकेला, भांबावलेला आणि दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेला उपरा होतो. पकडण्या-नेण्याच्या यातना तर वेगळ्याच. इकडे रिकाम्या झालेल्या वतनावर दोन-तीन तरणे, अनुभवशून्य नर हक्क सांगायला येतात, आणि माणसाशी गाठ पडली असता मुकाट्याने बाजूला होण्याची जी शिस्त जुन्या वतनदाराला होती ती यांना अजून लागायची असते. एक बिबट्या काढून आपण तंटा मिटवला नाही. दोन ठिकाणी दोन तंटे लावून दिले. केंद्र शासनाने एप्रिल 2011 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतराला प्रतिकूल मत नोंदविले आहे, हे बऱ्याच ग्रामसभांना आजही माहीत नसावे, कारण ठराव मात्र दर वेळी तोच होतो.

बिबट्याला आपल्या घराची ओढ किती, याचे उदाहरण मराठी माणसाला 'आजोबा' या चित्रपटामुळे ठाऊक आहे. परंतु त्या कथेचा जो भाग माझ्या मुद्द्याला हवा आहे तो सहसा सांगितला जात नाही. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 च्या उन्हाळ्यात एक वयस्क नर विहिरीत पडला. विहिरीत पडलेला बिबट्या काढणे हे जुन्नरच्या वनकर्मचाऱ्यांना आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यांना नित्याचे काम: चार दोरांना बांधलेली बाज आधी पाण्यावर सोडायची, दमलेले जनावर तिच्यावर चढून धापा टाकू लागले की मग पिंजरा उतरवायचा, आणि काठावरची पाच-सातशे माणसे गप्प राहतील अशी आशा करायची. या नराला गळपट्टा बांधून, चिप बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याने घाट उतरला, रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडले आणि साधारण महिनाभरात सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. संशोधकांनी त्याला आजोबा म्हणावयास सुरुवात केली होती. वाटेत त्याने माणसाला इजा केल्याची नोंद नाही. 2011 च्या अखेरीस मुंबईजवळ हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला, आणि त्याच्या कातडीखालची तांदळाएवढी चिप वाचली गेली तेव्हा कळले की हा तोच. ती चिप नसती तर रस्त्यावर मेलेला एक बिबट्या, एवढीच त्याची इतिश्री झाली असती आणि अडीच वर्षांचे ज्ञान त्याच्याबरोबर जळाले असते.

ओळख पटविण्याच्या रीती आता एकापेक्षा अधिक आहेत. बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे पुंजके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे. डाव्या कुशीचे उजव्या कुशीशीही जुळत नाहीत, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावावे लागतात. दुसरी रीत आनुवंशिकतेची. 2009 साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन, सम्राट मोंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत विद्या अत्रेयही होत्या, बिबट्याच्या विष्ठेत चिकटून आलेल्या आतड्यांच्या पेशींतून डीएनए काढून व्यक्तिशः बिबट्या ओळखण्याची कसोटी प्रसिद्ध केली. जनुकसंचात काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच शब्द पुनःपुन्हा लिहिलेला असतो. कोणात तो बारा वेळा, कोणात सतरा वेळा. अशी अनेक ठिकाणे एकत्र तपासली की दोन बिबट्यांचा सर्वत्र मेळ बसण्याचा संभव नगण्य होतो. माणसाच्या खटल्यांत जे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे तेच हे तत्त्व. हल्ला झालेल्या देहावरच्या जखमेतून, कपड्याच्या फाटक्या कडेवरून लाळेचा बोळा घेतला, तो कोरडा राखला आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रासारख्या प्रयोगशाळेत पाठवला, पिंजऱ्यातल्या जनावराचे रक्तही पाठवले, तर तोच की दुसरा, याचे उत्तर मिळू शकते. अट एकच: बोळा पहिल्या काही तासांत घेतला पाहिजे, आणि तो घेणे हा पंचनाम्याचाच भाग असला पाहिजे. आज तो घेतला जातो तो एखादा दक्ष अधिकारी असला तर. नियम म्हणून नव्हे. रक्ताने माखलेल्या मातीचे वर्णन पंचनाम्यात येते, दोरीने मोजलेले बांधापासूनचे अंतर येते, पंचांच्या सह्या येतात. ज्या एका कापसाच्या बोळ्यात आरोपीचे नाव लिहिलेले आहे तो मात्र राहून जातो.

शास्त्र दप्तरात उतरले तर काय घडते याचाही दाखला याच तालुक्यांत आहे, आणि तो इतका सुंदर आहे की त्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. गळीत हंगामात तोडणी चालू असता टोळीतल्या एखाद्या बाईचा कोयता एकाएकी थांबतो. पाचटाच्या गादीवर दोन-तीन पिले असतात, डोळे धड उघडलेले नसलेली, मांजरापेक्षा लहान. पूर्वी अशी पिले उचलून आणली जात, आणि मादी रात्रभर त्या रानात ओरडत फिरे. आता मुकादम वनरक्षकाला फोन करतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून, जे वनखात्याने 2002 च्या सुमारास उभारले आणि 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनखात्याबरोबर चालवीत आहे, पशुवैद्य येतात. पिलांना तपासतात, गोचीड काढतात, चिप बसवितात. फडाच्या त्या कोपऱ्यातली तोडणी थांबवली जाते. सूर्य मावळण्यापूर्वी टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये पिले ठेवून ते अगदी सापडल्या जागी नेऊन ठेवायचे, समोर कॅमेरा लावायचा आणि सर्वांनी निघून यायचे. रात्री मादी येते. ती कॅरेटभोवती फेरी घालते, थांबते, कान टवकारून माणसाचा वास घेते, पंजाने कॅरेट कलंडवते आणि एकेका पिलाला मानगुटीस धरून अंधारात नाहीशी होते; शेवटच्या पिलासाठी पुन्हा येते. टिपलेल्या चित्रांत हे सारे दिसते. माणसाचा हात लागलेली पिले मादी टाकून देते, हा जो सार्वत्रिक समज होता तो अशा अनेक रात्रींनी खोडून काढला आहे. वर्तणुकीचे एक छोटे सत्य वनरक्षकापासून ऊसतोड मजुरापर्यंत पोचले आणि त्याची रीत झाली; त्यासाठी ना कायदा बदलावा लागला, ना कोटींची तरतूद.

याच चिप बसवलेल्या पिलांपैकी एखादे दोन-तीन वर्षांनी पिंजऱ्यात सापडले तर ते कोणत्या गावच्या उसात, कोणत्या साली जन्मले आणि तेथून किती दूर आले, हे एका क्षणात कळावे. कळावे, पण त्यासाठी त्या नोंदी एका जागी, एका पद्धतीने, वर्षानुवर्षे टिकून राहायला हव्यात. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो, संशोधकाचे अनुदान चार वर्षांनी संपते, आणि बिबट्या मात्र दहा-बारा वर्षे जगतो.

हा सारा ऊहापोह आज अधिक निकडीचा झाला आहे तो नसबंदीच्या प्रस्तावामुळे. शिरूर तालुक्यात स्त्रिया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्याची छायाचित्रे देशभर गेली. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, ही मागणी तर जुनीच. काळोखात वाफ्यापाशी वाकलेला माणूस, उसाच्या कडेला बसलेले पोर, यांची उंची बिबट्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढी दिसते. म्हणून दिवसाची वीज हा उपाय मला पिंजऱ्याहून अधिक शास्त्रीय वाटतो. असो. लोकक्षोभाच्या या वातावरणात बिबट्यांची संख्याच मर्यादित करावी, हा विचार पुढे आला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्राणिप्रेमी मंडळींनी त्यावर सरसकट काहूर उठवणे मला मान्य नाही. परंतु तो जितका सोपा समजला जातो तितका नाही, हेही सांगितले पाहिजे. डुकराच्या अंड्याच्या आवरणापासून बनवलेली जी लस आफ्रिकेतल्या हत्तिणींवर आणि अमेरिकेतल्या रानटी घोड्यांवर चालली, तीच मांजरावर जवळजवळ निष्फळ ठरली. प्राणिसंग्रहालयांत मार्जारकुळातल्या माद्यांना संप्रेरकांचे जे रोपण केले गेले, त्यापायी गर्भाशयाचे आणि स्तनांचे विकार उद्भवले. नराची खच्ची करावी तर त्याची हद्द राखण्याची ईर्षा मंदावते. शेजारचा नर आत शिरतो, आणि पहिल्याची पिले मारून मादीला पुन्हा माजावर आणणे हे त्या कुळाचे चालत आलेले वर्तन असल्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव. मादीचे पुनरुत्पादन थांबले आणि हद्द मात्र तिच्याच ताब्यात राहिली, तर ते कदाचित उपकारक ठरेल: जागा भरलेली, पिलावळ नाही. मला या शेवटच्या शक्यतेत तथ्य दिसते.

पण ही शक्यता खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी ती विशिष्ट मादी ओळखता आली पाहिजे. तिची हद्द, तिची आधीची पिले, तिच्या शेजारणी माहीत हव्यात. तशाच, पण लस न दिलेल्या माद्यांवर समांतर लक्ष हवे. आणि हे तीन-चार वर्षे तरी अखंड चालले पाहिजे. तिच्या विष्ठेतील संप्रेरकांवरून तिच्या देहावरचा ताणही, तिला हात न लावता, मोजता येतो. हे न करता नुसत्या माद्या पकडून टोचल्या आणि सोडल्या, तर पाच वर्षांनी हल्ले कमी झाले वा वाढले, त्याचे श्रेय वा दूषण लशीला द्यावे की पावसाला, हे कोणालाही सांगता यायचे नाही. 2001 ची मोहीम आणि ही मोहीम यांत मग तत्त्वतः अंतर राहणार नाही.

जुन्नर तालुक्यातच खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण आकाशगंगांचे संदेश टिपीत गेली कित्येक वर्षे उभी आहे. मूलभूत संशोधनासाठी कायमची संस्था, कायमची माणसे आणि न आटणारे अनुदान लागते, हे तत्त्व या तालुक्यापुरते तरी शासनाने कृतीने मान्य केलेले आहे. त्या तबकड्यांच्या सावलीतल्या उसात जो प्राणी राहतो त्याच्यासाठी मी तेवढ्या विस्ताराची मागणी करीत नाही. माणिकडोहला जोडून एक लहान अभ्यासकेंद्र असावे; त्यात दोन पशुवैद्य, आनुवंशिकीचा एक जाणकार, वर्तणुकीचा एक अभ्यासक आणि नोंदी राखणारा एक चांगला कारकून अशी मंजूर पदे असावीत. वनविभागात पकडला, विहिरीतून काढला, रस्त्यावर मेला वा पिलू म्हणून आईकडे परत गेला, असा प्रत्येक बिबट्या या केंद्राच्या वहीत चढावा: दोन्ही कुशींची छायाचित्रे, चिपचा क्रमांक, रक्ताचा वा लाळेचा नमुना, दातांची अवस्था, मेला असल्यास पोटातले अन्न. माणसावर हल्ला झाल्यास लाळेचा बोळा पंचनाम्यात सक्तीचा व्हावा, आणि पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराशी तो जुळला की नाही, याचा निकाल त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावला जावा. जुळला, तर 1972 च्या कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकाला दिलेला अधिकार वापरून त्या जनावराला कायमचे कैद करावे वा मारावे. मला त्याचे दुःख होणार नाही. न जुळला, तर गावाला ते त्याच दिवशी स्पष्ट सांगावे, म्हणजे मुले अंगणात निजणार नाहीत.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. ज्या उसाने बिबट्याला घर दिले त्या उसावर निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने या दोन तालुक्यांत चालतात. उसाच्या बिलातून नाना निधींसाठी टनामागे कपाती करण्याची पद्धत सहकारात नवी नाही. या केंद्रासाठी टनामागे एक रुपयाची तजवीज कारखान्यांनी आपल्या उत्पन्नातून करावी, उरलेले शासनाने घालावे. शेतकऱ्याच्या बिलातून मात्र तो रुपया कापू नये; त्याची वर्गणी शेळ्या-वासरांच्या रूपाने दर महिन्यास वसूल होतच आहे. आणि पदे भरायचीच असतील तर ती गाळप सुरू होण्यापूर्वी भरावीत, कारण पहिल्या टोळ्या फडात उतरल्या की पिले सापडू लागतात आणि वहीतल्या पहिल्या नोंदी तेथूनच मिळायच्या आहेत.